लाल नळीवाला मास्तर

आमच्या चाळीत एक माणूस होता, तो लोकांच्या आमटीत चिंधी बुडवायचा.

खोटं वाटत असेल तर घोडपदेवला कुणाही जुन्या माणसाला विचारा. बोटभर रुंद, वीतभर लांब मलमलीची पट्टी. तुरटीच्या पाण्यात भिजवून सुकवलेली. दुसऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी असते तशा ह्याच्या खिशात अशा दहा-बारा पट्ट्या. कुणाच्या दारावरनं जाताना फोडणीचा वास आला की मास्तर उंबऱ्यात उभा. "वहिनी, काय शिजतंय? कुळीथ? झाकण काढा." बाई हो-नाही म्हणायच्या आत पट्टी टोपात. मग ती पिळायची, गॅलरीत उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची. चांगली रंगली तर म्हणायचा, "धरलं." नाही रंगली तर, "ब्लीच माल," आणि तोंड वाकडं करून चालता.

हे ब्लीच माल काय ते सांगतो. मास्तर मिलच्या रंगखात्यात होता. मागावरनं उतरलेलं कापड, जे अजून कुठल्या हौदात गेलेलं नाही, जरा मळकट, सरकीचे काळे ठिपके असलेलं, त्याला म्हणायचे कोरा माल. ते धुऊन, उकळून पांढरंफेक केलं की ब्लीच माल. मास्तरनं सगळं जग ह्या दोन ढिगांत टाकलं होतं. पॉलिशचा तांदूळ, मैद्याचा पाव, सालं काढलेले दाणे हा ब्लीच माल. नाचणी, काळे तीळ, सालीसकट कुळीथ, लाल माठ, शेवग्याचा पाला हा कोरा माल. माणसंसुद्धा त्यातच. टॉवर बांधायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला त्यानं जिन्यात गाठून तोंडावर ब्लीच माल म्हटलं. त्या बिचाऱ्याला ती शिवी आहे हे कळलंच नाही. तो थँक्यू म्हणाला.

मी काही लिहिणारा माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. सतरा वर्षं साचाखात्यात माग चालवले, मिल बंद पडल्यावर वॉचमनगिरी केली. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वहीशी बोलतो. आणि मास्तरवर दुसरं कोण लिहिणार? त्यालाही जाऊन वर्ष झालं.

आधी माझं आणि त्याचं पटत नव्हतं. तो मला नावानं कधी बोलावत नसे. "ए साचेवाल्या." जसा काही माग चालवणं म्हणजे गाढवाचं काम, आणि रंग देणं म्हणजे देवपूजा. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यानं नवऱ्याकडच्यांच्या जिलेबीत पट्टी खुपसली, मग सगळ्यांदेखत ती मोरीवर नेऊन साबणानं धुतली. पिवळं सगळं वाहून गेलं. पट्टी हातात नाचवत आला, "बघा, पुडीचा रंग. कापडाला धरला नाही, तो तुमच्या अंगाला काय धरणार?" नवऱ्याचा मामा उठला, बाह्या सरसावल्या. मी मध्ये पडलो म्हणून मास्तरचे दात राहिले. मी चिडून म्हटलं, "मास्तर, तुम्ही जेवायला येता का खात्यात ड्यूटीला?" तर म्हणतो कसा, "साचेवाल्या, माझं खातं बंद झालेलं नाही."

बाजारात तर त्याच्याबरोबर जायचीच चोरी. भाजीवाली मुळ्याचा पाला तोडून टोपलीखाली टाकायची, हा खाली वाकून तो गोळा करायचा आणि तिला शिव्या घालायचा. "मेलं पांढरं लाकूड विकतेस आणि माल फेकतेस." ती पण कमी नव्हती. "घेऊन जा रे बाबा, शेळी पाळलीय वाटतं घरात!" पण मग तीच त्याच्यासाठी पाला वेगळा ठेवायला लागली.

हे सगळं वेड त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्याच्या डबीत होतं. पितळेची, तपकिरीची जुनी डबी. त्यात कापसावर ठेवलेला हाडाचा एक तुकडा. बोकडाच्या पायाची नळी, करवतीनं आडवी कापलेली, जाडी असेल दोन नाण्यांची. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो बांगडीचा तुकडा वाटला. कारण तो लाल होता. सगळा नाही. कडेला बारीक पांढरी रेघ, मग लाल रेघ, मग पांढरी, मग परत लाल. जत्रेत लाकडाची भिंगरी मिळते ना, गोल गोल पट्ट्यांची, तसा.

त्याची गोष्ट अशी. मिलमध्ये लागायच्या आधी, मिसरूड पण फुटलं नव्हतं तेव्हा, मास्तर एका छपाईच्या कारखान्यात होता. मालक जुन्या वळणाचा, लाल रंग मंजिष्ठाच्या मुळांचाच करायचा. मुळं कुटायची, उकळायची, चोथा मागच्या अंगणात टाकायचा. तिथं गटारीला कापायचा बोकड बांधलेला असायचा. तो चोथा खायचा. मालाची ऑर्डर असली की हौद पेटायचा, चोथा पडायचा. ऑर्डर नसली की महिना महिना हौद थंड, बोकडाला नुसता पाला. गटारीला बोकड कापला, मटण शिजलं, सगळे जेवायला बसले, मास्तरनं नळी फोडायला घेतली आणि हातातच धरून राहिला. हाड गुलाबी. मटण शिजून विटलं तरी हाडाचा रंग जाईना. बाकीच्यांनी, देवीचा कोप झाला, म्हणून ताटं सोडली. मास्तरनं नळी धुतली, करवत आणली आणि कापली. आत ह्या रेघा.

"साचेवाल्या," तो मला म्हणाला होता, आणि हे सांगताना प्रत्येक वेळी त्याचा आवाज बसायचा, "हौद पेटला तेव्हाची रेघ लाल. हौद थंड होता तेव्हाची पांढरी. बोकडानं आमच्या कारखान्याचं सगळं वर्ष हाडात लिहून ठेवलं होतं रे."

मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

माझी बायको पडली ती मोरीत. साबणाच्या पाण्यावरनं पाय सरकला, डाव्या अंगावर आपटली, खुब्याचं हाड मोडलं. परळच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, आत लोखंडी पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी आणली. तीन महिन्यांनी फोटो काढला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हाड फार ठिसूळ आहे. जुळायला घेतच नाहीये म्हणा ना. गोळ्या चालू ठेवा, ऊन द्या, पौष्टिक द्या, आणि थोडं थोडं उभं करा. बघू."

आता ज्याला चाळ माहीत नाही त्याला सांगतो. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला. आमच्या दारापासून बेचाळीस पावलं. पन्नास वर्षं ती त्या बेचाळीस पावलांवरनं डबा घेऊन गेली आणि आली. आता ती खाटेवर आणि भांडं मी द्यायचो. मला काही वाटत नव्हतं. बायको आहे माझी. पण ती तोंड भिंतीकडे करायची आणि भांडं दिलं की तिच्या डोळ्यांतून पाणी. एक दिवस म्हणाली, "अहो, माका मराची भीती नाय. पण ह्या भांड्यात नको. माका एकदा थंय माझ्या पायान चलत जाऊचा हा." मालवणी बाई ती, मुंबईत पन्नास वर्षं काढली तरी दुखलं-खुपलं की मालवणीच बोलायची. मग खाणं कमी केलं. खाल्लं नाही तर जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब. मी ओळखलं, पण ओळखून काय करणार? आयुष्यात मी चहासुद्धा केला नव्हता. मुलगी सासरी नाशिकला. शेजारणी डबा द्यायच्या, तो अर्धा परत जायचा.

आणि इथं मी गाढवपणा केला.

माझ्या डोक्यात ती लाल नळी. म्हटलं, एवढा रंग हाडापर्यंत पोचतो, मजबूत करत असणारच की. मास्तर स्वतःच्या तोंडानं सांगणार नाही, कारण साला भाव खातो. लालबागला काष्ठौषधीच्या दुकानात गेलो, मंजिष्ठाची मुळं घेतली, घरी कुटली आणि तिच्या पेजेत उकळून घातली. एक चिमटी सांगतो का मी? मूठ. पहिल्यांदा आयुष्यात चुलीपुढं उभा राहिलो तो ह्या कामाला. चार दिवस तिला पाजली. पाचव्या दिवशी सकाळी भांडं घेतलं तर आत लालभडक.

"अहो! रगात!" ती ओरडली. शेजारपाजार गोळा झाला. कुणी टॅक्सी म्हणतंय, कुणी देवाचं नाव घेतंय. त्या गर्दीतनं मास्तर आत आला. कुणाला काही विचारलं नाही. खिशातनं पट्टी काढली आणि, देवाशपथ सांगतो, भांड्यात बुडवली. शेजारची सून तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मास्तर मोरीवर गेला, पट्टीला साबण लावला, खसाखसा चोळली, उजेडाला धरली. लाल तशीच.

"रक्त असं राहत नाही," तो म्हणाला. "हे धरलंय." मग माझ्याकडे वळला. "साचेवाल्या, काय पाजलंस?"

मी सांगितलं. मला वाटलं हा मारणार. "अरे नालायका, बोकडाची हाडं लाल झाली असं मी सांगितलं. बळकट झाली असं मी कधी सांगितलं? सांग ना, कधी? मंजिष्ठा आजारी बाईला मूठ मूठ पाजतात काय? चल, आधी डॉक्टरला दाखव. उठ."

टॅक्सीत तो पुढं बसला होता. भायखळ्याचा पूल उतरल्यावर मागं न बघता बोलायला लागला.

"त्या नळीत मी काय बघितलं ते तुला अजून कळलंच नाही. आपण समजतो हाड म्हणजे दगड. एकदा वाढलं की झालं, मग मरेपर्यंत नुसता खांब. तसं नाही. हाड जिवंत आहे रे. रोज जेवतं. जुनं रोज थोडं झडतं, नवं रोज थोडं बसतं. म्हाताऱ्याचं पण. वहिनींचं पण, आत्ता, ह्या टॅक्सीत. आज जे खाल्लं ते उद्या तिथं. रंगानं मला फक्त ते दाखवलं. रंग औषध नाही, रंग साक्षीदार आहे."

मी बायकोकडे बघितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. तिचा हात तिच्या खुब्यावर होता, जसा पोटुशी बाई पोटावर ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, मला झाड झाड झाडलं, ते बरोबरच होतं. रंग निघून जाईल म्हणाल्या. मग मास्तरनं डबी काढली. त्यांनी तो तुकडा घेतला, खिडकीशी नेला. बाहेर पेशंट दार वाजवतायत, आणि बाई तो तुकडा फिरवून फिरवून बघतायत. "आजोबा, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. हातात पहिल्यांदा घेतलं." त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोन डॉक्टरांना बोलावून दाखवला.

मास्तरला तेवढंच पाहिजे होतं. लगेच चढला. "बाई, दूध, नाचणी, सुकी मासळी ह्यात चुना आहे, तुमच्या गोळीत पण चुना आहे. तो झाला रंग. पण नुसता रंग कापडावर बसत नाही, धुतला की जातो. आधी तुरटी लागते. तुरटीला स्वतःचा रंग नाही, पण ती रंगाला धरून ठेवते. मला वाटतं पाल्यातलं कडू, सालीतलं तुरट, तिळातलं, कांद्यातलं जे काही असतं, ते हाडाची तुरटी असेल. बरोबर का चूक?"

बाई जरा हसल्या. "अगदी तसंच नाही. पण झाडापाल्यात, सालीत असली द्रव्यं असतात खरी. हाड झिजतं त्याला ती थोडा आवर घालत असतील, असं संशोधन चालू आहे. पक्कं कुणी सांगू शकत नाही. जेवणातनं खा, जरूर खा. पण मुळ्या-काढे नाहीत. आणि गोळी बंद करायची नाही."

"गोळी कोण बंद करतंय? रंगाशिवाय नुसती तुरटी काय चाटायची?" मास्तर म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि आता हा रांधणार."

तर मी रांधायला शिकलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. नाचणीची भाकरी थापायला तीन आठवडे गेले, पहिल्या भाकऱ्या मास्तर म्हणायचा पायात घालून बाजारात जा. शेवग्याचा पाला ओरबाडून, कांदा घालून, वर तीळ कुटून. कुळथाची पिठी. आमसुलाचं सार. वरळी कोळीवाड्यातनं सुकी बारीक मासळी, काट्यासकट. दाणे लाल सालीसकट. रोज दुपारी मास्तर यायचा, टोपात पट्टी बुडवायचा आणि ती सुकली की तिच्या खाटेच्या दांडीला बांधायचा. हिरवट, तपकिरी, गुलाबी, काळपट. पहिल्यांदा ती चिडली, "माझी खाट काय पिराचो दर्गो हा?" पण मग रोज स्वतःच मोजायची. आणि पट्टी फिकी निघाली की मला टोमणा, "आज काय ब्लीच माल घातलात?" खायला लागली. त्या पट्ट्यांसाठी का असेना, खायला लागली. सकाळी उन्हात बसायची. दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवून उभी राहायची, मोजत. दहा. वीस. शंभर.

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी मास्तरनं पहाटेपासून गॅलरीतल्या सगळ्या बादल्या, चपला, सायकली आत घ्यायला लावल्या होत्या. लोकांशी भांडून. वॉकर घेऊन ती दारातनं बाहेर पडली. मी मागे, हात न लावता, तिनंच बजावलं होतं. मास्तर पुढे, तिच्याकडे तोंड करून उलटा चालतोय, तोंडानं पावलं मोजतोय. सगळ्या दारांत माणसं, पण कुणी आवाज काढत नाही. तिसाव्याला ती थांबली, कठडा धरला, दम घेतला. मला वाटलं परत फिरते. नाही फिरली. बेचाळीसला दाराची कडी धरली आणि वळून बघितलं. मास्तर समोर डोळे पुसत उभा.

"मास्तरानू," ती म्हणाली, "आता तरी हंयसून जावा."

चाळ एवढी हसली की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दोन्ही वर्षं स्वतःच्या पायांनी. मग ताप आला, छातीत भरलं, तीन दिवसांत गेली. त्याचा हाडाशी काही संबंध नव्हता. मी भांडं परत काढलं नाही, एकदाही नाही, एवढं तिचं मागणं पुरं झालं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. मी, जावई आणि दोन पुतणे. मास्तरला येऊ नका म्हटलं होतं, नव्वदीला टेकलेला माणूस. पण काठी टेकत आला. राखेवर दूध-पाणी शिंपडलं. स्मशानातला माणूस चिमट्यानं बाजूला करत होता, तो थांबला. "काका, हे लोखंड निघालं. ठेवू का टाकू?"

ती खुब्यातली पट्टी होती. काळी पडलेली. आणि तिच्या स्क्रूला धरून मांडीच्या हाडाचा वरचा तुकडा, पांढराफेक, तसाच राहिलेला. बाकी सगळ्याची भुकटी झाली होती. मला बघवेना, मी मान फिरवली.

मास्तर खाली बसला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज आला. फुंकर मारून त्यानं राख उडवली आणि बोट फिरवलं. मग माझी बाही ओढून मला खाली बसवलं.

"बघ," म्हणाला. "हात लाव."

मोडलेल्या जागेवर हाड गोल जाड झालं होतं. बांबूला पेर असतं तसं. ह्या बाजूचं त्या बाजूला गेलेलं, फट कुठं नाही. आगीतनं सगळं गेलं, आणि ते सांधलेलं तेवढं राहिलं होतं.

"हे जुनं नाही, साचेवाल्या. जन्माचं नाही. आईबापानं दिलेलं नाही. हे गेल्या दोन-अडीच वर्षांतलं." त्याचा आवाज बसला होता, नळीची गोष्ट सांगताना बसायचा तसा. "गोळी होती, लोखंड होतं, तिची जिद्द होती. पाल्यानं किती केलं ते मला माहीत नाही, तुला नाही, त्या डॉक्टरणीला पण नाही. पण एवढं मला माहीत आहे. हे कशाचं झालंय? जेवणाचं. आणि जेवण कुणी केलं?"

मी तो तुकडा उचलून हातात घेतला.

"हे तू रांधलंस," मास्तर म्हणाला.

पन्नास वर्षं तिनं मला करून घातलं, आणि मी तिला काय दिलं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता ते माझ्या तळहातावर होतं, अजून कोमट. मी ते माझ्या हातानं मडक्यात ठेवलं.

मास्तरनं सवयीनं खिशात हात घातला, पट्टी काढली. कोरी. ती कुठं बुडवायची ते त्याला कळेना. थोडा वेळ नुसती धरून बसला, मग तिनंच नाक पुसलं.

घरी आलो तर भावकीकडून जेवण आलं होतं. तीन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हतं, तेव्हाही घास उचलेना. मास्तर माझ्या समोर मांडी घालून बसला. वाटीतल्या वरणाकडे बघितलं, पिवळं, गुळगुळीत, सगळी सालं काढलेलं. मला वाटलं आता हा ब्लीच माल म्हणणार.

म्हणाला नाही. ताट माझ्याकडे सरकवलं.

"जेव," म्हणाला. "तुझी हाडं पण जेवतायत आत."